एका वाक्यासाठी जर्मन

आम्ही वर्गात अकरा जण होतो. फ्राऊजी रोज दुपारी दोन वाजता आम्हाला जर्मनमध्ये मोजायच्या. एकेकाकडे बोट रोखून, आइन्स, त्स्वाय, द्राय असं करत अकरापर्यंत पोचल्या की बोट खाली न घेता क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "नॉख आइन्स." अजून एक. मग खडू उचलायच्या.

पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, त्या स्वतःला मोजतात. पण बोट स्वतःकडे कधी वळायचं नाही. शेवटी भैरवगढच्या इरफानने विचारलंच, "मैडम, बारहवाँ कौन?"

"अभी आया नहीं," त्या म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात गंमत नव्हती, की राग नव्हता. एखाद्याची गाडी लेट असावी तसं त्यांनी सांगितलं. त्यानंतर तो प्रश्न कोणी विचारला नाही.

फ्राऊजी हे नाव आमच्या आधीच्या कुठल्यातरी बॅचने ठेवलेलं. जर्मनमध्ये बाईला फ्राऊ म्हणतात, आणि उज्जैनमध्ये कोणालाच 'जी' लावल्याशिवाय हाक मारता येत नाही. मी वर्गातली एकटी मराठी. पहिल्या दिवशी मी सवयीने 'काकू' म्हणाले. त्या म्हणाल्या, "काकू घरी. इथे फ्राऊजी." ते त्यांचंच घर होतं, हे मी बोलले नाही.

माधव नगरात आतल्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, वरच्या मजल्यावर, जिना बाहेरून. खाली एक शिंपी होता, तो दुपारी दुकान बंद करून जेवायला जायचा. त्यामुळे आमचा वर्ग भरायचा तेव्हा अख्ख्या इमारतीत आमच्याशिवाय कोणी नसायचं. त्या पंचाहत्तरीच्या आसपासच्या होत्या. भैरवगढची ठशांची सुती साडी, आणि पायात मोजे आणि कॅनव्हासचे बूट, मे महिन्यातसुद्धा. फरशी थंड असते म्हणायच्या. उज्जैनच्या मे महिन्यात थंड असलेली फरशी मी तरी पाहिलेली नाही.

आम्ही सगळे नर्स. मी फ्रीगंजमधल्या एका हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात होते, इरफान आयसीयूत, बाकीच्या इकडे तिकडे. सगळ्यांना जर्मनीला जायचं होतं. एजंट म्हणायचा, परीक्षा पास करा, बाकी मी बघतो. टावर चौकात एसी लावलेला क्लास होता, तिथे चार महिन्यांत भाषा शिकवून देतो असं लिहिलेला बोर्ड होता. पण तोंडी परीक्षेत टिकायचे ते फ्राऊजींचेच विद्यार्थी. म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो. आणि पहिल्याच आठवड्यात आम्हाला पस्तावा झाला, कारण त्या आठवडाभर एकाच शब्दावर अडून बसल्या. आणि तो शब्द जर्मन नव्हता, इंग्रजी होता.

स्टिल.

त्यांनी तो फळ्याच्या मधोमध लिहिला आणि विचारलं, "इसका जर्मन क्या?"

कोणीतरी फोनमध्ये बघून सांगितलं, "इमर नॉख, मैडम."

"फोन से पूछो, वह कौन-से स्टिल की बात कर रहा है."

फोनला ते सांगता आलं नाही. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली. ती अजून इथे आहे, यातला स्टिल म्हणजे नॉख. हलू नकोस, गप्प बस, यातला म्हणजे श्टिल. पाऊस होता, तरी तो गेला, त्याला ट्रोट्सडेम. बाटलीतल्या बिनबुडबुड्यांच्या पाण्याला तिकडे श्टिलेस वासर म्हणतात. टेबलावर मांडून ठेवलेल्या फळांच्या चित्राला श्टिललेबन, आणि त्यात एकापुढे एक तीन एल येतात. हा तिसरा एल गाळला तर त्या पूर्ण शब्द दहा वेळा लिहायला लावायच्या.

"मैडम, भट्टी," इरफान मागून म्हणाला. "दारू की भट्टी को भी स्टिल बोलते हैं. हमारे भैरवगढ में सबको मालूम है."

सगळे हसले. फ्राऊजी हसल्या नाहीत. त्यांनी 'डेस्टिले' असं फळ्यावर लिहिलं आणि म्हणाल्या, "बराबर. मैं भूल गयी थी." आपण काही विसरलो याचं त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"इंग्रजी कंजूस आहे," वर्ग सुटल्यावर त्या मला मराठीत म्हणायच्या. "एकच शर्ट शिवला आणि सगळ्या भावांना तोच घालायला दिला. मागून बघितलं तर कोण आहे ते कळतच नाही." आणि मग, थोड्या खूश होऊन, "आपलं तसं नाही. आपलं आणि जर्मनचं एका जागी फार सुंदर जमून राहिलंय बघ. अजून आहे. अजून आला नाही. अजून एक. तिन्ही ठिकाणी आपला एकच 'अजून', आणि त्यांचाही तिन्ही ठिकाणी एकच 'नॉख'. इंग्रजांना तीन वेगळे शब्द लागतात. मी हे तिकडे एका बाईला सांगितलं होतं. तिला काहीच वाटलं नाही."

त्या आठवड्याच्या शेवटी, यादी संपत आल्यासारखी वाटली तेव्हा, मी हात वर केला. माझ्या वॉर्डातला शब्द होता, म्हणून मला सुचला. मी म्हणाले, "स्टिलबॉर्न."

खडू थांबला. त्यांची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मग त्यांनी सावकाश, लहान अक्षरात लिहिलं. टोटगेबोरेन. मेलेलं जन्मलेलं. "जर्मन सीधे बोल देता है," त्या म्हणाल्या. "अंग्रेज़ी मुँह फेर लेती है." आणि फळा पुसून टाकला. इतर शब्द त्या कधी पुसायच्या नाहीत, शेवटी आम्हीच पुसायचो.

वर्गात रोज एकदा, साधारण अर्ध्यात, त्या म्हणायच्या, "श्टिल." मग सगळ्यांनी हातातलं खाली ठेवून गप्प बसायचं. एक मिनिट म्हणायच्या, पण ते मिनिट कधी चार मिनिटांचं व्हायचं, कधी सहा. मग डोळे उघडून एकेकाला विचारायच्या, काय ऐकलं? उत्तर जर्मनमध्ये द्यायचं. ऐकण्याच्या परीक्षेची तयारी, असं आम्ही समजायचो, आणि त्यामुळे आम्हाला कूलर, कोकिळा, शेजारचा मिक्सर, भंगारवाल्याची हाक हे सगळे शब्द पाठ झाले. प्रत्येकाचं उत्तर त्या पुढे झुकून ऐकायच्या. शेवटच्याचं झालं की परत सगळ्यांकडे बघून विचारायच्या, "नॉख?" अजून काही? कोणी काही बोलायचं नाही. मग त्या मागे टेकायच्या. दुकानात शेवटच्या कपाटातही हवी ती वस्तू न मिळालेल्या माणसासारख्या.

त्या मिनिटात त्या स्वतः इतक्या स्थिर व्हायच्या की भीती वाटायची. माणूस गप्प बसला तरी काहीतरी हलत असतं, पापणी, गळा, पदराची कड. त्यांचं काहीच हलायचं नाही. आम्ही नर्स असल्यामुळे आमचं लक्ष आपोआप छातीकडे जायचं, आणि छाती वरखाली होताना दिसायची नाही. एक दिवस सहा मिनिटं झाली, सात झाली. माझ्या शेजारची मुलगी रडवेली होऊन माझा हात धरून बसली. इरफान ड्यूटीवरून थेट आलेला, त्याच्या खिशात ऑक्सिमीटर होता. तो उठला, पाय न वाजवता त्यांच्यापाशी गेला आणि त्यांच्या बोटाला तो चिमटा लावला.

आकडा आला नाही. दोन आडव्या रेघा आल्या. इरफानने बोट बदललं. परत रेघा. त्याने माझ्याकडे पाहिलं. आयसीयूत काम करणाऱ्याचा चेहरा असा कधी उतरत नाही. मी उठले आणि मनगट धरलं. बर्फासारखं होतं, आणि बाहेर चव्वेचाळीस डिग्री. मला नाडी लागली नाही. माझ्या बोटांखाली काहीही नव्हतं.

"नॉख," फ्राऊजी म्हणाल्या. डोळे न उघडता. मग डोळे उघडून त्यांनी बोटावरच्या चिमट्याकडे पाहिलं, तो काढून इरफानला परत दिला आणि म्हणाल्या, "इरफान, क्या सुना?"

इरफान म्हणाला, "कुछ नहीं मैडम." जर्मनमध्ये उत्तर दिलं नाही म्हणून त्याला त्या रागावल्या.

म्हाताऱ्या माणसांची बोटं थंड असतात, त्यावर मशीन चालत नाही, नाडी बारीक असते. हे सगळं आम्ही जिन्यावरून उतरताना एकमेकांना सांगितलं. सगळं बरोबरच होतं.

त्या महिन्यात त्यांना उन्हाचा त्रास झाला आणि दोन दिवस आमच्याच हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं. माझी ड्यूटी संपल्यावर मी बघायला गेले, तर त्या पलंगावर ताठ बसलेल्या, मांडीवर स्वतःची केसशीट, आणि चेहरा पांढरा. सलाइनची नळी ओढली जाऊन हाताशी रक्त आलेलं, तिकडे लक्ष नाही.

"पुढचं पान कुठाय?" त्या म्हणाल्या.

"काय झालं काकू?" मला तेव्हा फ्राऊजी सुचलं नाही.

त्यांनी बोट ठेवलं. पानाच्या अगदी तळाशी, डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात, इंग्रजीत दोनच शब्द होते. पेशंट स्टिल. तिथे पान संपलं होतं.

"पुढचं पान आण. पहिले ते आण, मग माझ्याशी बोल."

पुढचं पान दुसऱ्याच कोणाच्या फाइलमध्ये अडकलं होतं, शोधायला दहा मिनिटं लागली. त्यावर लिहिलं होतं, डोकं दुखत असल्याची तक्रार करतात. मी वाचून दाखवलं. त्यांनी ते पान हातात घेऊन स्वतः वाचलं, दोनदा, आणि मग केसशीट सोडून दिली. बोटांचे ठसे कागदात रुतले होते. "असं कोणी पानाच्या शेवटी सोडू नये," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना सांग माझ्याकडून." मी ही गोष्ट वॉर्डात हसत हसत सांगितली. त्याची मला आता लाज वाटते.

जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, एक दिवस मी एकटीच वर्गाला गेले. बाकीचे सगळे पासपोर्टच्या कामाला इंदूरला गेले होते. मला वाटलं त्या सुट्टी देतील. त्यांनी मला एकटीला मोजलं. "आइन्स," त्या म्हणाल्या. मग थांबून, "नॉख आइन्स." आणि शिकवायला सुरुवात केली.

अर्ध्या तासाने लाइट गेली. कूलरचा पंखा घरघर करत थांबला, त्याच्या जाळीवरून ठिबकणारं पाणी थांबलं. बाहेर पानही हलत नव्हतं. फ्राऊजींनी खडू ठेवला, खुर्चीत बसल्या, हात मांडीवर घेतले, पदरावर, आणि म्हणाल्या, "श्टिल."

मी डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं. मग तो आवाज आला.

चुक, चुक, चुक, आणि मग एक छोटासा घुटका. मग नाकाने घेतलेला बारीक श्वास. परत चुक, चुक.

या आवाजाबद्दल माझी चूक होणं शक्य नव्हतं. रोज आठ तास मी तो ऐकण्यासाठीच उभी असते. नव्या आईजवळ वाकून आम्ही तोच कानात घेतो, कारण बाळ नुसतं तोंड लावून खेळतंय की खरंच दूध घशाखाली जातंय, हे त्या घुटक्यावरूनच कळतं. या बाळाच्या घशाखाली दूध जात होतं. चांगलं ओढत होतं ते.

मी डोळे उघडले. खोलीत आम्ही दोघीच होतो. फ्राऊजी माझ्यापासून चार फुटांवर, डोळे मिटलेले, चेहरा दगडासारखा. आवाज त्यांच्या मांडीवरून येत होता, हातांच्या जरा वरून. हात रिकामे होते. पदर हलत नव्हता. मी तिथेच बघत होते आणि आवाज चालू होता. घामाचे ओघळ चालले होते तरी मला थंडी वाजायला लागली. तीन मिनिटं, चार मिनिटं. मग तो मंदावला. एक घुटका, मग बऱ्याच वेळाने एक. मग थांबला. त्यानंतर लाइट आली आणि कूलर धडाडून सुरू झाला.

फ्राऊजींनी डोळे उघडले. "काय ऐकलं?" या वेळी त्यांनी वर्गातल्यासारखं हिंदीत विचारलं नाही. मराठीत विचारलं.

"निष्त्स," मी म्हणाले. काही नाही.

त्या पुढे झुकल्या. "नॉख?"

"निष्त्स, फ्राऊजी."

त्या किती वेळ माझ्याकडे बघत होत्या कोण जाणे. मी वहीत काहीतरी लिहीत राहिले. मी खोटं का बोलले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तोंडाने सांगितलं असतं तर ते खरं ठरलं असतं, आणि मला त्या जिन्यावरून खाली उतरून, पोहे खाऊन, घरी जायचं होतं. एवढंच कारण होतं. त्या दिवशी मी घरी कोणालाही काही सांगितलं नाही. आईने विचारलं, आज गप्प गप्प का आहेस, तर मी परीक्षेचं टेन्शन सांगितलं.

एजंटने आम्हाला आपापल्या विभागाच्या वाक्यांची पुस्तिका दिली होती. माझ्या पुस्तिकेत तिसऱ्याच पानावर एक छोटं वाक्य होतं. श्टिलन झी? तुम्ही बाळाला अंगावर पाजता का? मला आश्चर्य वाटलं. एक आठवडा जो शब्द आम्ही घोटला त्याचंच हे भावंड, आणि फळ्यावर ते कधीच आलं नव्हतं. मी वर्गात विचारलं, "फ्राऊजी, श्टिल म्हणजे शांत. मग श्टिलन म्हणजे पाजणं कसं?"

"पाजलं की बाळ शांत होतं," त्या म्हणाल्या. "रक्त थांबवलं तरी श्टिलन. तहान भागवली तरी श्टिलन." मग घड्याळाकडे न बघताच म्हणाल्या, "आज बस इतना ही. सब जाओ." आणि मला, "तू थांब."

सगळे गेल्यावर त्यांनी दार लावलं. पुढचं सगळं त्या मराठीत बोलल्या, आणि वर्गात बोलायच्या तशाच, वाक्यं नीट पूर्ण करत.

त्यांचे यजमान इथल्या एका कापड गिरणीत होते. गिरणीने त्यांना नव्या मशीन शिकायला दोन वर्षं जर्मनीला पाठवलं, एका लहान गावात. या बरोबर गेल्या. लग्नाला वर्ष झालेलं, वय तेवीस, कॉन्व्हेंटचं इंग्रजी चांगलं, जर्मनचा एक शब्द नाही. तिकडच्या हिवाळ्यात त्यांचे दिवस भरले.

"मुलगा झाला, एवढं मला कळलं. त्याला ते आत घेऊन गेले. मी वाट बघून राहिले. एक नर्स आली, मोठी, चांगली बाई होती, माझा हात धरला. मी इंग्रजीत विचारलं, तो कसा आहे? ती म्हणाली, एर इस्ट गान्ट्स श्टिल. मला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला. स्टिल. इज स्टिल. म्हणजे अजून आहे. नाजूक आहे, पण आहे. मी तिला थँक्यू म्हणाले. अगं, मी हसले तिच्याकडे बघून. ती बिचारी रडायला लागली, तर मला वाटलं, किती प्रेमळ आहे."



"संध्याकाळी हे आले. त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी म्हटलं, अहो, तो अजून आहे म्हणाले. काचेच्या पेटीत ठेवला असेल ना? हे म्हणाले, हो. त्यांना जर्मन येत होतं. मला येत नव्हतं. ती एक रात्र मी आई होते, आणि फार छान झोप लागली मला."

दुसऱ्या दिवशी त्यांना खिडकीजवळच्या पलंगावर हलवलं. सकाळच्या पाळीला दुसरी नर्स होती, अगदी तरुण. ती दारातून डोकावून म्हणाली, "श्टिलन झी?"

"परत तोच शब्द. मी म्हटलं, येस, स्टिल, येस. आणि तिने बाळ आणून दिलं माझ्या हातात."

त्यांचे हात मांडीवर होते. मी त्या हातांकडे बघायचं टाळलं.

"लाल, खूप केस असलेलं. मी पदर घेतला आणि पाजलं. मला कोणी शिकवलेलं नव्हतं, पण जमलं. चांगला ओढत होता गं. मध्येच ती मोठी नर्स धावत आली. ओरडली नाही. तिने त्याच्या तोंडात बोट घालून त्याला सोडवला, आणि उचलून घेतला. त्याच्या ओठाला दूध होतं. पोट भरलं नव्हतं त्याचं. दारातून नेईपर्यंत तो रडत होता, दुसरीचा होता तो, आणि मग मला सगळं कळलं. भाषा न येता कळलं."

त्यानंतर दीड वर्ष ते तिकडेच होते. बाई भाजीच्या दुकानातून, पोस्टातून, रेडिओवरून जर्मन उचलत गेल्या. सहा महिन्यांनी एका दुकानात एक आई आपल्या किरकिऱ्या पोराला म्हणाली, "झाय श्टिल!" गप्प बस. "तेव्हा मला ते पहिलं वाक्य कळलं. तो अगदी शांत आहे. नर्स खोटं बोलली नव्हती. त्या एका वाक्यासाठी मी अख्खी भाषा शिकले. मग म्हटलं, आता येतेच आहे तर शिकवावी."

यजमानांबरोबर त्यांनी पुढे चाळीस वर्षं संसार केला. त्या 'हो'बद्दल त्या त्यांना एकदाही बोलल्या नाहीत. पुन्हा मूल झालं नाही.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. त्या रोज का विचारतात, काय ऐकलं, अजून काही, हे मला त्या क्षणी समजलं. किती बॅचेस, किती पोरं, किती दुपारी. आणि ज्या एकीने ऐकलं तिने तोंडावर नाही म्हणून सांगितलं. आता हो म्हटलं तर त्यांना वाटणार, गोष्ट ऐकून ही माझी समजूत काढते आहे. मी पाणी आणून दिलं, त्या प्यायल्या, आणि मी घरी गेले.

परीक्षा झाली. मी पास झाले, इरफान झाला, अजून चौघी झाल्या. कागद आले, व्हिसा आला. या सगळ्यात सात महिने गेले आणि मी त्यांच्याकडे फक्त दोनदा गेले, दोन्ही वेळा कोणालातरी बरोबर घेऊन. एकटीने जायची हिंमत नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, बाईंना नमस्कार करून ये, नाही तर बरं दिसणार नाही. मी ई-रिक्षा केली, रिक्षावाल्याला खाली थांबायला सांगितलं आणि जिना चढले.

दुपारच होती. वर्ग नव्हता. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला थंडीचे दोन सल्ले दिले, मोजे कुठले घ्यायचे ते सांगितलं. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही, आणि मी उठण्याऐवजी म्हणाले, "काकू, जूनमध्ये मी एकटी आले होते, लाइट गेली होती, त्या दिवशी मी खोटं बोलले."

त्यांनी 'इथे फ्राऊजी' म्हणून मला दुरुस्त केलं नाही.

"मी ऐकलं होतं," मी म्हणाले. "बाळ पीत होतं. तुम्ही मला काही सांगायच्या आधी ऐकलं होतं."

त्यांनी अगदी हळू विचारलं, "कुठून येत होता?"

"तुमच्या मांडीवरून."

"खोटं नको बोलूस हं. उद्या जाणार आहेस, म्हातारीला बरं वाटावं म्हणून..."

"तेव्हा बोलले होते, काकू. आता नाही."

त्यांनी मनगटाने तोंड पुसलं. "मला एकच सांग," त्या म्हणाल्या. "तू रोज हेच काम करतेस, तुला कळतं. तो आवाज मध्येच तुटला का? कोणी सोडवून घेतल्यासारखा?"

मी आठवलं. घाईने उत्तर द्यायचं नव्हतं. मी त्या दुपारी परत जाऊन बसले आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"नाही," मी म्हणाले. "आधी मंद झाला. मग मध्ये मध्ये थांबून एकेक घुटका. मग आपलं आपण सोडलं त्याने. पोट भरून झोप लागली की सोडतात ना, तसं."

"तसं?"

"तसंच."

त्यांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. रडल्या नाहीत. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे काढले, त्यांची घडी करून बाजूला ठेवली. त्यांचे उघडे पाय मी पहिल्यांदाच पाहिले, लहान मुलीसारखे होते. दिवाणावर आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. "मला झोप येऊन राहिलीय," त्या म्हणाल्या. "जाताना दार ओढून घे."

मी दार ओढून घेतलं. जिन्याच्या मध्यावर असतानाच मागून घोरण्याचा आवाज आला, मोठा, बिनधास्त. मला हसू आलं आणि तिथेच कठडा धरून उभी राहिले. तेवढ्यात खाली रिक्षावाल्याने कंटाळून हॉर्न दाबला, लांबलचक, आणि परत दाबला. मी उरलेल्या पायऱ्या धावत उतरले आणि त्याचा हात हॉर्नवरून काढला.

"भैया, हॉर्न मत बजाओ," मी म्हणाले. "ऊपर बच्चा सोया है."

काय बोलले ते माझं मलाच बोलून झाल्यावर ऐकू आलं. त्याने वर जिन्याकडे पाहिलं, जीभ चावली, किल्ली फिरवून गाडी बंद केली, आणि खाली उतरून गल्लीच्या टोकापर्यंत रिक्षा हाताने ढकलत नेली.